अटीचं वाक्य

गुरुवार, ६ नोव्हेंबर
दुपार

प्रिय मावशी,

नमस्कार. गुडघा कसा आहे? ‘बरा आहे’ असंच तू म्हणणार, तेव्हा उत्तर धरूनच चालते. मी मजेत. ऑफिसातला पंखा अजून कुरकुरतो, आणि समोरचा शिंपी नेमकी आमच्याच दारात स्कूटर लावतो.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, बाई!

तुझे चिरंजीव, आमचे सरकार, ठणठणीत आहेत. लहानपणी नुसते हुकूम सोडायचा म्हणून आपण हे नाव ठेवलं; आता तो माझा मालकच झालाय, तेव्हा हुकूम पगारी झाले. उद्या तुझ्याकडे येतोय.

तू मागे विचारलं होतंस, तिथे मी नेमकं करते तरी काय. सरकारच्या कंपनीनं एक टूल केलंय, अक्षरांचं गणित सोडवणारं. क्ष आणि य घातले की ते पदावली सोपी करतं, समीकरण सोडवतं. पण ते माणसांसाठी नाही, एजंटसाठी आहे. एजंट म्हणजे सोपवलेलं काम स्वतःच्या डोक्यानं उरकणारा प्रोग्रॅम. गणित आलं की तो आमच्या टूलला हाक मारतो. टूलला काय जमतं आणि काय नाही, हे त्याला मी लिहिलेल्या माहितीवरून कळतं. माणूस असली माहिती वाचतच नाही, अडला की शिव्या घालतो. एजंट शब्दन् शब्द वाचतो आणि खरं मानतो. इतका विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला नव्हता, आणि मला त्याची भीती वाटते.

आमचा ग्राहक पिण्याचं पाणी शुद्ध करतो. सोमवारपासून त्यांचा एजंट आमच्या टूलवर हिशेब करून पाण्यात क्लोरीन सोडणार आहे. त्या हिशेबात पाइपावरच्या दोन मीटरच्या आकड्यांतल्या फरकानं भागायचं असतं. फरक शून्य आला तर मीटर अडकले असं समजायचं, आणि क्लोरीन थांबवायचं. पण आमचं टूल अंशात आणि छेदात तोच फरक दिसला की काट मारून मोकळं होतं, आणि छान गुळगुळीत उत्तर देतं. छेद शून्य नसेल तरच हे खरं, ही अट सांगतच नाही.

गेल्या आठवड्यात चाचणीत मी मीटर मुद्दाम अडकवले. क्लोरीनऐवजी निळा रंग होता. एजंट शांतपणे रंग सोडत राहिला. पिंपातलं पाणी शाईसारखं झालं तरी थांबेना, शेवटी मीच धावत जाऊन नळ बंद केला.

म्हणून माहितीत एक वाक्य घातलं: ‘हे टूल उत्तराची अट सांगत नाही. छेद शून्य आहे का ते आधी तपासा; असेल तर थांबा.’

सरकार भडकले. ‘करारात आपण अटीसकट उत्तर देतो असं लिहिलंय. हे वाचून ग्राहक पळेल! महिन्याभरात टूलच दुरुस्त करतो ना मी. तोवर गप्प बस.’

‘आणि तोवर मीटर अडकले तर?’

‘रोज अडकतात का मीटर? उगाच आईसारखी बोलू नकोस.’

आईसारखी म्हणजे काय ते तुला माहीत आहे. गणिताच्या वर्गात तू पोटच्या पोरालाही सोडलं नाहीस. उत्तर बरोबर, पण अट लिहिली नाही, की लाल रेघ. तो टेबलाखाली बसून रडायचा आणि तू म्हणायचीस, ‘अट नाही, तर उत्तर नाही.’

रविवारी मात्र तूच फोनवर म्हणालीस, ‘तू मोठी आहेस, सांभाळून घे त्याला.’ मी हो म्हटलं.

खाली बोलावताहेत. थांबते.

संध्याकाळ

मावशी, दुपारी मी अर्धवटच सांगितलं. वाक्य घातलं हे खरं, पण आज सकाळी सरकारनं ते काढलं. मी परत घातलं. त्यानं परत काढलं, आणि सगळ्यांसमोर माझा पासवर्डच बंद केला. माझं डोकं फिरलं. जिन्यात गेले आणि ग्राहकाच्या इंजिनिअरबाईंना फोन करून पिंपाची सगळी हकिगत सांगितली. तुला लिहायला बसले तेव्हा त्यांच्या उत्तराची वाट बघत होते. जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून तो गुडघा आणि तो पंखा.

उत्तर आलं. करार रद्द.

तेवढा एकच ग्राहक होता गं. ‘सगळं छान चाललंय’ असं तो तुला सांगतो, ते खोटं आहे. कंपनी महिनाअखेरीस बंद होईल. बाकीचे आत्ताच टेबलं आवरायला लागलेत, आणि माझ्याकडे कोणी बघत नाही.

मला वाटलं, तो अंगावर येईल. तो नुसता खुर्चीत बसला. म्हणाला, ‘त्या बाईंना तू सांगितलंस. आता आईला कोण सांगणार?’

मला त्याचा राग येतो आणि त्याच्यासाठी जीवही तुटतो. पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा फोन करीन. लोक ते पाणी पिणार होते. पण तू सांभाळायला सांगितलंस आणि मी त्याच्या तोंडचा घास काढला, हेही माझ्याच हातून झालं.

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या निघताना त्याच्याच हातात देणार आहे, पाकीट न चिकटवता. वाटेत तो वाचेलच. वाचून फाडून टाकलं, तर तुला काहीच कळणार नाही. त्याचं सगळं छानच चाललेलं असेल.

म्हणजे तू हे वाचत असशील, तर ते त्यानं स्वतः आणून दिलंय. तो आत्ता तुझ्यासमोरच उभा असेल. त्याला बस म्हण. माझ्यावर काय रागवायचं ते नंतर रागव, पण लाल पेन आज हातात घेऊ नकोस.

तुझं न ऐकलेली आणि तुझंच ऐकलेली,
तुझी थोरली भाची