लाल गाडीची शास्त्रशुद्ध तपासणी

९ फेब्रुवारी, रविवार

निर्णय झाला. स्पोर्ट्स कार घ्यायची. जुनी, विलायती, क्लासिक. दोन दारं, दोन सीट, वरचा टप उघडणारा. रंग लाल.

कारण फक्त तांत्रिक आवड. तेवीस तारखेला नांदेडला दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. मागच्या वेळी हॉटेलच्या दारात श्रीमंत नावाच्या वर्गमित्रानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, काय रे रेणुकादास, अजून बायकोच्याच गाडीत फिरून राहिलास का? श्रीमंतचा पेट्रोल पंप आहे, काळी एसयूव्ही आहे आणि दहावीचं गणित त्यानं माझ्या पेपरात बघून सोडवलेलं आहे. सगळे हसले. मीही हसलो. ते मी केव्हाच विसरून गेलो.

गाडी विमलची आहे हे मान्य. हेडमास्तरीण झाली तेव्हा तिनं स्वतःच्या पगारातून घेतली. रोज लातूरहून रेणापूरला शाळेत तीच घेऊन जाते. पांढरी, साधी, खडूचा वास येणारी. मला चालवायला देते, पण आधी आरसे कसे लावायचे ते सांगते. मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. पृथ्वी कशी फिरते हे मला कळतं, आरसा कळणार नाही का?

१० फेब्रुवारी, सोमवार

गाडी सापडली! मोबाइलवर जाहिरात. देगलूर. फोटोत बॉनेटभर झेंडूच्या माळा. मालक नेमानं पूजा करत असणार, म्हणजे जपलेली गाडी. खाली बराच मजकूर होता. फोटो बघितल्यावर वाचायची गरज वाटली नाही.

फोन लावला. मालकाचं नाव माणिकप्पा. मूळचा धंदा बैलांचा, आता जोडीला जुन्या गाड्यांचा. मी म्हणालो, गाडीचा व्यवहार करायचाय. तर त्यांनी उलट मलाच विचारलं, तुमची कंची हाय सर, किती चाललीय, कोण चालवतंय? विचारण्यातला हेतू मी लगेच ओळखला. आपली गाडी कसल्या माणसाच्या हाती जाणार, हे चांगला मालक आधी तपासतो. विमलच्या गाडीची सगळी माहिती दिली. एका हातची, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग, कधी ठोकली नाही. माणिकप्पा खूश. म्हणाले, रविवारी घेऊनच या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कसून अभ्यास चालू. जुनी गाडी घेण्याआधी काय तपासावं यावर इंग्रजीत चिक्कार व्हिडिओ आहेत. दीड पटीच्या स्पीडनं बघितले. आता या विषयात मराठवाड्यात माझ्याइतकं कुणाला कळत असेल असं वाटत नाही.

साहित्य: टॉर्च. पांढरा कागद, गाडीखाली पसरायचा, ऑइल गळतं का ते कळतं. लोहचुंबक, पत्र्यावर लावायचं. गंज लपवून वर पुट्टी भरली असेल तर चुंबक चिकटत नाही. फ्रिजवरचं बालाजीचं चुंबक काढून घेतलं.

विमलनं विचारलं, बालाजी कुठं गेला? म्हणालो, पुसायला घेतलाय. रविवारी तुझी गाडी सर्व्हिसिंगला नेतो असंही सांगून ठेवलं. हे खोटं नाही. वाटेत हवा चेक करणारच आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

मोहीम फत्ते!!

दुपारी देगलूरला पोचलो. माणिकप्पा साठीचे, धिप्पाड, खांद्यावर टॉवेल. माझ्याकडे बघायच्या आधी त्यांनी विमलच्या गाडीभोवती चक्कर मारली. टायरला लाथ घातली. बॉनेट उघडायला लावलं, आत वाकून बराच वेळ वास घेतला. माणूस बुजला होता. तज्ज्ञ समोर आला की हातांना काहीतरी काम लागतं. मी चावी त्यांच्या हाती दिली आणि म्हणालो, बघा निवांत, तोवर मी माझं काम करतो.

लाल गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये. काय ती गाडी! ऊर भरून आला. आधी स्टिअरिंगला हात लावून बघितला.

तपासणीचे निष्कर्ष असे. लोहचुंबक कुठेही चिकटलं नाही. दार, बॉनेट, मागचं पुढचं, कुठेच नाही. म्हणजे अख्खी बॉडी ॲल्युमिनियमची. शर्यतीच्या गाड्यांना असते. पांढरा कागद तासभर ठेवला, ऑइलचा एक थेंब नाही. नव्या गाडीलाही असं जमत नाही. बॉनेट उघडलं. आत इंजिन नव्हतं. हीच तर खरी खूण, अस्सल स्पोर्ट्स कारचं इंजिन मागे असतं. मागची डिकी उघडली. तिथे दोन लाउडस्पीकर आणि एक बॅटरी. म्हणजे इंजिन मध्यभागी, सीटखाली. सगळ्यात महागड्या प्रकारात ते तिथेच असतं. माणिकप्पांना मुद्दाम विचारलं नाही. तज्ज्ञानं विचारायचं नसतं.

टेस्ट ड्राइव्ह मागितली. त्यांनी जरा चमकून पाहिलं. मग म्हणाले, बसा की सर, हौस हाय तर. सुरक्षेसाठी पुढे ट्रॅक्टर बांधला. क्लासिक गाडीला किती जपतात बघा. गोठ्यापासून वेशीपर्यंत गेलो आणि आलो. आतून जरासुद्धा आवाज नाही. आवाज सगळा ट्रॅक्टरचा.

मग व्यवहार. माणिकप्पांनी बाजेवर बसवलं, माझा हात हातात घेतला आणि वर टॉवेल टाकला. बैलबाजारातली रीत. भाव तोंडानं बोलायचा नाही, टॉवेलखाली बोटं धरून सांगायचा. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण ते दाखवणं बरं दिसलं नसतं. त्यांनी माझी चार बोटं धरली. चार लाख! मी मनात म्हणालो, फसायचं नाही. मान हलवली आणि त्यांची तीनच धरली. त्यांचे डोळे विस्फारले. माझी हिंमत बघून हादरले असणार. त्यांनी घाईघाईनं तीन मान्य केली. पण मी सोडतो का? दोन धरली. माणिकप्पांना घाम फुटला. म्हणाले, सर, इच्यार करा, मागून बोल नको. मी म्हणालो, माझा शब्द म्हणजे शब्द.

त्यांनी माझ्या हातात पानसुपारी आणि अकराशे रुपये इसार म्हणून ठेवले. आपल्याकडे घेणारा इसार देतो. देगलूरकडे विकणारा घेणाऱ्याला देतो असं दिसतं. सीमेवरचा भाग, रीतभात वेगळी. लई संस्कारी माणसं.

गुरुवारी सकाळी माणूस पाठवतो म्हणाले. म्हणजे डिलिव्हरी घरपोच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

विमलला अजून सांगितलं नाही. सरप्राइज. दोन लाखांसाठी बँकेत एफडी मोडण्याची चौकशी करून आलो. चार लाखांची वस्तू दोनमध्ये. तिच्या माहेरी नायगावला सगळे बैलांचे व्यवहार करणारे. सासरे हयात असते तर त्यांनी आज मला मिठी मारली असती.

गेट-टुगेदरला कसं उतरायचं याचा सराव केला. आधी डावा पाय. गॉगल मग काढायचा, श्रीमंतकडे न बघता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लिहावं की नाही?

सकाळी विमलला गाडी रस्त्यावर लावायला सांगून पार्किंग रिकामं केलं. नारळ, हळदकुंकू, ओवाळायचं ताट घेऊन फाटकात उभा राहिलो. आठच्या सुमाराला देगलूरचे दोघे मोटरसायकलवर आले. मी विचारलं, गाडी कुठंय? ते म्हणाले, तेच तर न्यायला आलो. आणि नोटांची पिशवी माझ्या ताटात ठेवून विमलच्या गाडीकडे निघाले.

विमल तेवढ्यात पर्स अडकवून शाळेला निघाली होती. तिनं काय प्रकार म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं, सरांनी गाडी इकली की बाई, दोन लाखात. आप्पा तर चार द्यायला तयार होते, सरांनीच कमी केले. असा दिलदार माणूस आप्पांनी उभ्या आयुष्यात बघितला नाही म्हणे.

मग माझा मोबाइल घेऊन जाहिरातीचा खालचा मजकूर विमलनं मोठ्यानं वाचून दाखवला. जुन्या गाड्या योग्य भावात घेतल्या जातील. तसेच नवरदेवाच्या वरातीसाठी लाल स्पोर्ट्स कार ट्रॅक्टरसह भाड्याने मिळेल.

ट्रॅक्टरसह.

विमल पायरीवर बसली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चिडली की ती नायगावचं बोलते. म्हणाली, मला न इचारता माझी गाडी? माझ्या मायला दवाखान्यात नेली ती ह्याच गाडीत. साऱ्या जन्मात माझ्या एकटीच्या नावावर काय हाय ते हेच. तुम्हाला श्रीमंत हसला, त्याचा राग माझ्या गाडीवर काढला व्हय?

श्रीमंतचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. झोपेत बोलतो म्हणे.

मूळ चूक माणिकप्पांची आहे. जाहिरात दोन भागांत द्यायला पाहिजे होती. पण हे म्हणायला गेलो तर हातात अजून ओवाळायचं ताट होतं, ताटात नोटांची पिशवी. चहाही गेला नाही.

देगलूरचे दोघे मात्र हटेनात. म्हणाले, टॉवेलखालची जबान हाय, मोडता येत न्हाई. विमल उठली, डोळे पुसले, पैशाची पिशवी त्यांना परत दिली. म्हणाली, माल माझा, हात दुसऱ्याचा, ह्याला सौदा म्हणत न्हाईत. उद्या मी येते म्हणून आप्पांना सांगा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

विमलनं रजा टाकली. गाडी तिनं चालवली. मी मागे बसलो. पुढच्या सीटवर तिची पर्स होती.

देगलूरपर्यंत ती एवढंच बोलली, की काच वर करा.

माणिकप्पांनी हात जोडून स्वागत केलं, पण शब्दावर ठाम. विमल म्हणाली, मी नायगावच्या बैलवाल्याची लेक हाय, टाका टॉवेल. आता पंचाईत झाली. परक्या बाईचा हात धरायचा कसा? माणिकप्पा लाजले. मग घरातून धोंडाबाईंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, बोलावलं. त्या मध्ये बसल्या. एका टॉवेलखाली त्यांचा हात नवऱ्याच्या हातात, दुसऱ्या टॉवेलखाली विमलच्या हातात. इकडची बोटं तिकडे, तिकडची इकडे. भावाबद्दल तोंडानं एक अक्षर नाही. मी समोर उभा. मध्येच धोंडाबाई माझ्याकडे बघून हसल्या. मध्येच विमलनं माझ्याकडे बोट केलं. मध्येच माणिकप्पा म्हणाले, न्हाई न्हाई, एवढं नको, शिकलेला माणूस हाय. विमल म्हणाली, चालतंय.

शेवटी तिघंही खो खो हसले. सौदा ठरला. गाडी विमलचीच राहिली. इसार परत. आणि मोडलेल्या शब्दाची भरपाई म्हणून रविवारी गावातल्या वरातीत लाल गाडीच्या स्टिअरिंगवर मी. ट्रॅक्टर ओढतो, पण वळवायला आत माणूस लागतो आणि त्यांचा नेहमीचा माणूस सासुरवाडीला गेलाय. फेटा बांधायची अट धोंडाबाईंनी स्वतःच्या मनानं घातली.

मी विमलला हळूच म्हणालो, रविवारी माझं गेट-टुगेदर आहे ना. ती म्हणाली, मला ठाऊक हाय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बॅचच्या ग्रुपवर कळवावं म्हणून चार वेळा टाइप केलं. 'क्लासिक कारच्या एका कार्यक्रमात व्यग्र असल्यामुळे.' पाठवलं नाही. माझ्यावाचून कार्यक्रमाला शोभा येणार नाही, आधीच सांगून त्यांचा हिरमोड कशाला? आपणहून विचारतील. श्रीमंत तर दारातच विचारेल, रेणुकादास कुठंय म्हणून.

२३ फेब्रुवारी, रविवार

दीर्घ टेस्ट ड्राइव्ह पार पडली. गाडी डावीकडे ओढते. दोष किरकोळ आहे.

नवरदेव शेजारी बसला होता. त्यानं विचारलं, तुम्ही कायम हेच करता का काका? मी म्हणालो, हौस म्हणून. पुढे ट्रॅक्टर, मागे डिकीतले लाउडस्पीकर, त्यांच्यामागे शंभरेक माणसं नाचणारी. ट्रॅक्टर मुंगीच्या चालीनं. एका बाईनं नवरदेवाऐवजी मलाच ओवाळलं. मी नाही म्हणालो नाही.

फोन खिशात होता. दर चौकात काढून बघितला. कुणी विचारलं नव्हतं.

वरात पोचली तेव्हा अंधार पडत होता. विमल मांडवाबाहेर गाडी घेऊन उभी. मी सवयीनं मागचं दार उघडलं. ती म्हणाली, पुढं बसा. पर्स तिनं मांडीवर घेतली होती, मग ती माझ्या मांडीवर ठेवली. धोंडाबाईंनी बुंदीचा पुडा दिला होता, तो तिनं फोडला. म्हणाली, फेटा बरा दिसतोय तुम्हाला. एवढं बोलली आणि मला एकदम रडू आलं. खिडकीबाहेर बघितलं. माफी मागायची म्हणून तिच्याकडे वळलो. ती म्हणाली, काच वर करा, धूळ येऊन राहिली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ग्रुपवर गेट-टुगेदरचा फोटो आला. सगळे हॉटेलच्या पायऱ्यांवर उभे. मधोमध श्रीमंत. खाली त्यानं लिहिलंय, 'एक नंबर कार्यक्रम! आपल्या बॅचचे सगळेच्या सगळे आले, एकही सुटला नाही.'

फोटो मोठा करून दोनदा बघितला. बावीस जणांनी अंगठा दिला होता.

मीही दिला.