नमस्कार करणाऱ्या गिधाडांबाबत

दि. ११ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
करंजपाडा परिक्षेत्र, जि. नाशिक

विषय : येत्या रविवारी गिधाडांच्या कड्याखाली जनावर न टाकण्याबाबत व मचाण बंद ठेवण्याबाबत.
संदर्भ : पर्यटन समितीचे मला आलेले पत्र, दि. ७ फेब्रुवारी.

महोदय,

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. असून कड्यासमोरील मचाणावर पर्यटकांना माहिती देण्याचे काम करते. गावात मेलेले जनावर कड्याखाली टाकायचे, गिधाडांनी ते खायचे आणि पर्यटकांनी मचाणावरून पाहायचे, अशी येथील पद्धत आहे. त्या जनावराला मरण्यापूर्वी वेदनाशामक इंजेक्शन दिलेले नाही, याची खात्री मी केल्यावरच ते टाकले जाई. काही वेदनाशामकांनी गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात.

१. जानेवारीत मी रजेवर असताना समितीने सरुबाई यांची मेलेली गाय नेली. "तिला लय सुया दिल्यात, नका नेऊ," असे सरुबाईंनी गाडीपाशी सांगितले होते. सहली ठरल्या होत्या, त्यामुळे कड्याखाली काहीतरी असणे भाग होते, असे समितीचे अध्यक्ष रविराज यांचे म्हणणे आहे.

२. दोन दिवसांत गिधाडे मान खाली टाकून बसू लागली. मूत्रपिंडे निकामी झालेला पक्षी असाच बसतो. मी रजेवरून परतले तेव्हा मचाणावर वणीहून देवीचे दर्शन करून आलेली मंडळी होती. त्यांतील एक बाई म्हणाल्या, "बघा, देवीकडे तोंड करून नमस्कार करतंय." सर्वांनी हात जोडले. मी खरे कारण सांगितले, त्यावर "ताई, सगळंच पुस्तकात नसतं," असे ऐकून घ्यावे लागले. दृश्याचे चित्रीकरण मोबाईलवरून पसरले. दुसऱ्या दिवशी गाड्या शिवेपर्यंत उभ्या होत्या.

३. परतताना पर्यटक अभिप्राय देतात. 'गिधाडे वाचवण्यासाठी आपण काही कराल का?' या प्रश्नाला त्या आठवड्याइतके होकार पूर्वी कधीच आले नव्हते. ते खोटे होते असे मी म्हणत नाही. काहींचे डोळे भरून आलेले मी पाहिले. रात्रीतून खाली पडलेले पक्षी सकाळी पहिली गाडी येण्याआधी उचलावेत, अशी समितीची मला सूचना होती. मी ते उचलले.

४. आता कड्यावर एक जोडी व तिचे पिल्लू एवढेच उरले आहे. ही जोडी नमस्कार करत नाही, म्हणून पर्यटक नाराज होऊन जातात. "मग आम्ही इतक्या लांबून आलो कशाला?" असे त्यांनी समितीला विचारले. होकारही घटले आहेत. लोकांचा संवर्धनाला असलेला पाठिंबा टिकावा, यासाठी 'नमस्काराचे दृश्य पूर्ववत दिसण्याचे उपाय' मी सुचवावेत, असे संदर्भातील पत्रात म्हटले आहे.

उपाय मला माहीत आहे. तो मी लिहून देणार नाही. रविवारसाठी मात्र एक जनावर ठरले असून ते कोणाचे, हे मला सांगितलेले नाही.

तरी ते जनावर टाकू देऊ नये आणि पिल्लू उडेपर्यंत मचाण बंद ठेवावे. मेलेली गिधाडे मी शीतपेटीत ठेवली आहेत. मचाण पुन्हा सुरू होईल तेव्हा प्रथम ती पर्यटकांना दाखवण्याची परवानगी द्यावी. त्यानंतर ते जो अभिप्राय देतील तो मी मान्य करीन.

हा अर्ज मी मचाणावर बसून लिहीत आहे. समोर मादी पिल्लाला भरवत आहे. तिची मान ताठ आहे.

रविवारपूर्वी आपल्या आदेशाची वाट पाहणारी,

छाया गोटीराम थेटे
माहिती सहायक

सोबत : १. समितीच्या पत्राची प्रत.
२. मृत गिधाडांची छायाचित्रे.