आधी नक्कल

चि. ठमाकाकू,

माझी जन्मभराची भाषणं असलेली डिस्क संगणकाच्या लिनक्समध्ये माउंट होईना, म्हणजे उघडेचना. दुकानदार म्हणाला, फॉरमॅट करा, सगळं पुसून टाका. मी तुला म्हणालो, ताबडतोब दुरुस्ती चालव.

तू माझा हात धरलास. "बाबा, मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्ती चालवली, तर उरलंसुरलंही जाईल. आधी पूर्ण नक्कल, मग दुरुस्ती नकलेवर. नकलेला अक्कल लागते, तुम्हीच म्हणायचात ना?"

म्हणायचो खरा, लहानपणी तू ठमाकाकूसारखी घरभर माझ्या भाषणांची नक्कल करायचीस तेव्हा.

त्या नकलेतून माझा शब्दन् शब्द परत आला. संयम हेही शौर्य आहे, हे मी व्यासपीठावरून गर्जत आलो. तू ते करून दाखवलंस. सभा जिंकणाऱ्या या तोंडातून तुझ्यासमोर "शाबास" मात्र निघत नाही. म्हणून लिहिलं. पाठवणार नाही, पण नक्कल काढून ठेवली आहे.

तुझाच श्रोता,
बाबा