दुसरीकडे ठरलंय

११ जानेवारी, रविवार

साहेबरावांच्या वैशालीचा फोटो येऊन महिना होत आला. नितीनला आज पुन्हा विचारलं. मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला, ‘बघू.’ सदतीस पूर्ण झाली. आमच्यात पत्रिका बघत नाहीत, नाहीतर गुण जुळत नाहीत म्हणून सांगून मोकळा झालो असतो. प्रत्येक स्थळाला ह्याचं ‘बघू’, आणि मग त्या लोकांना फोन करायचा मी. साहेबराव माझ्याबरोबर कारखान्यात स्टोअरला होते, एका डब्यात जेवलो आम्ही. त्यांना कसं सांगू? सकाळपासून धडधडतंय. बी.पी.ची गोळी घेतली की नाही आठवेना. ही म्हणाली घेतलीत. तरी शंका आहेच.

१३ जानेवारी, मंगळवार

जेवताना ही सहज बोलल्यासारखी बोलली, ‘त्या वैशालीचं दुसरीकडे ठरलंय म्हणे. नाशिकचा इंजिनियर आहे.’

असं काहीही ठरलेलं नाही. कालच साहेबराव फोनवर मुलीची काळजी करत होते. मी हिच्याकडे बघत राहिलो, तर हिने मला आमटी वाढली.

नि.ने मोबाईल खाली ठेवला. ‘कोण वैशाली? कॉलेजात शिकवते ती?’ फोटो ह्याच्याच मोबाईलवर, महिनाभर उघडला नव्हता. आता ताटावरच बोटांनी मोठा करून बघत बसला. ‘चांगली आहे की पप्पा. तुम्ही मला नीट सांगितलंच नाही.’

मी ताटावरून उठलो. ही मात्र दुसऱ्यांदा भात घेऊन जेवली.

१४ जानेवारी, बुधवार

नि. ऑफिसला गेल्यावर हिला विचारलं, हे काय काढलंस. हात पुसत म्हणाली, ‘त्याला मोकळी मुलगी चालत नाही, अहो. तुम्हाला दिसत नाही का? मग जे औषध लागू पडतं ते द्यायचं.’ मी म्हटलं हे खोटं आहे. ‘तुम्ही गप्प बसा. तेवढं तरी जमतंय का बघा.’

म्हणजे हिलाही माहीत आहे. मला वाटत होतं, मी एकटाच हे घेऊन बसलोय.

गेल्या वर्षीचा खराडीचा प्रकार. नि.च्या ऑफिसातली ती लग्न झालेली मुलगी. तिचा नवरा आपल्या दारात आला, हातात हेल्मेट. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. ‘काका, तुमच्या मुलाला समजवा,’ एवढंच म्हणाला. पाणी प्यायला आणि रिकामा ग्लास स्वतः आत ओट्यावर नेऊन ठेवला. तो ग्लास मला अजून दिसतो. पुढे त्या मुलीने नवऱ्याला सोडलं. सोडल्याबरोबर आमच्या चिरंजिवांनी तिचे फोन घेणं बंद केलं. त्याच्या आधी मित्राची होणारी बायको, तीही तशीच.

सातवी पास माणूस मी. ह्याला काय नाव आहे ते शिकलेल्यांना माहीत. मला एवढं कळतं, ह्याला बाई नकोच असते. कुणाच्या तरी हातातून काढून घ्यायला मिळावी, एवढंच. लिहितानाही शिसारी येते. पोटचा पोरगा.

१८ जानेवारी, रविवार

हिने परवाच साहेबरावांना कळवलं की मुलाला मुलगी पसंत आहे, दोघांना भेटू द्या. नि.ला बजावलं, नाशिकचं नाव तिच्यापाशी काढायचं नाही, नाजूक आहे. दोन्हीकडे वेगवेगळं. हिला कोर्टात वकील म्हणून बसवायला हवी होती.

दोघं आज भेटले. संध्याकाळी साहेबरावांचा फोन. ‘जय भीम, भाऊ. वैशू आज खूप दिवसांनी घरात गुणगुणत होती.’ मी हां हां करत राहिलो.

२५ जानेवारी, रविवार

नि. दाढी करताना शीळ घालतो. नवा शर्ट. मोकळा वेळ मिळाला की मोबाईलवर नाशिकचे इंजिनियर शोधतो. हिला विचारतो, कंपनी कोणती, उंची किती. ही सगळं सांगते. आज म्हणाली, थोडं टक्कल आहे. ते टक्कल नि.ला फार आवडलं, दिवसभर खुशीत.

मला त्या माणसाची कीव येऊ लागली आहे. तो जन्मालाही आला नाही आणि रोज आमच्या घरात त्याची चेष्टा चालते.

‘मोडेल ती, पप्पा. माझ्यासाठी मोडेल, बघाच.’ हे म्हणताना ओठांवरून जीभ फिरवली त्याने. मी उठून मोरीत गेलो, चूळ भरली. ही लगेच कौतुकाने सांगायला लागली, लहानपणी आपल्या ताटातली जिलेबी सोडून हा मावशीच्या पोराच्या ताटातली ओढायचा. ओढायचा, आणि मग खायचा नाही. हे ती सांगत नाही. मी तिथेच होतो.

२९ जानेवारी, गुरुवार

साहेबरावांना सगळं सांगायचं म्हणून निघालो. स्टॉपवर उभा राहिलो, बस आली आणि वाटलं गॅस चालूच राहिला. परत आलो. गॅस बंद होता. ही घरातच होती, पोळ्या करून झाल्या होत्या. पुन्हा निघायचं धैर्य झालं नाही.

पोट बिघडलं. ताक-भात.

१ फेब्रुवारी, रविवार

साहेबराव पेढे घेऊन आले. पांढरा सदरा, कडक इस्त्री. एप्रिलात हॉल मिळतोय, तारीख सांगा म्हणाले. वैशालीची आई गेल्यापासून मुलीचं एवढं एक व्हावं म्हणून जगतोय, असंही म्हणाले. ही म्हणाली, सांगतो की, नितीनशी बोलून.

पेढा तोंडात घेतला तो गिळेना. साहेबराव गेल्यावर खिडकीतून टाकला. खालच्या जोशांच्या गाडीवर पडला असावा. आता त्याची काळजी. सोसायटीच्या फळ्यावर उद्या काहीतरी येईलच, ‘पेढेवाल्या सभासदांस’ म्हणून.

४ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी बेल. ही विहारात महिला मंडळाला गेलेली. दारात वैशाली, कॉलेज सुटल्यावर तशीच आलेली. फोटोपेक्षा सावळी, डोळे शांत. मी चहा ठेवला. ती ओट्यापाशी उभी राहिली.

‘काका, एक विचारते. तुमच्या मुलाचं मला कळत नाही. भेटला की विचारतो, सांगितलंस का त्याला? कधी सांगणार? मला आधी वाटलं, बाबांना सांगायचं म्हणतोय. पण तसं नाही. कुणाला सांगायचंय मी?’

मी सांगितलं. नाशिक, टक्कल, खराडी, सगळं. सांगताना तिच्याकडे बघवलं नाही. चहा उतू गेला. तिनेच गॅस बंद केला, फडकं घेऊन शेगडी पुसली. बराच वेळ पुसत होती.

‘मला वाटलं, ह्याला मी आवडले.’

मी माफी मागितली. ती म्हणाली, तुम्ही कशाला. पण मला कळत होतं, मीच. तोंड मिटून बसणारा मीच. तारखेचं तेवढं थांबवा, म्हणाली, आणि त्याला काही बोलू नका. ‘मी बोलते.’ काय बोलणार ते नाही सांगितलं.

८ फेब्रुवारी, रविवार

वै. आली. नि. सोफ्यावर, मी खुर्चीत, ही चहा आणत होती.

वै. बसलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘मी मोडलं ते. काल सांगून टाकलं त्याला. आता माझं कुठेच काही नाही.’

हिचा ट्रे हातात तसाच राहिला. हिला कळेना, जे नव्हतंच ते मोडलं कसं. वै. फक्त नि.कडे बघत होती. मीही बघितलं. दिवा विझवल्यासारखा चेहरा. विझताना दिसला. ‘अच्छा,’ म्हणाला. हात मोबाईलकडे गेला.

‘मग आपलं काय?’ तिने विचारलं.

‘बघू ना. घाई काय आहे.’

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बसली, चहा घेतला, पूर्ण संपवला, माझ्या तब्येतीची चौकशी केली. जाताना कप आत ओट्यावर नेऊन ठेवला.

ती गेल्यावर नि. म्हणाला, ‘जवळून तेवढी खास नाही वाटली, आई.’ मला कानशिलात द्यावीशी वाटली. हात उचलला नाही. त्याने उरलेलं बिस्किट चहात बुडवून खाल्लं. ते ओलं बिस्किट, तो आवाज. त्या खोलीत मला बसवेना.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ही बोलत नाही. काल एकदाच बोलली, ‘लग्न झालं असतं तर सुधारला असता.’ मी म्हटलं, लग्न झालं असतं तर ती ह्याचीच झाली असती, मग ह्याने कुठे बघितलं असतं? हिने पदर डोळ्यांना लावला. मलाही वाईट वाटलं. हिनेही काही वाईट व्हावं म्हणून केलं नाही.

नि. म्हणतो, तुम्ही नेहमीसारखं कळवून टाका ना पप्पा. नेहमीसारखं. ह्या वेळी मी फोन करणार नाही. नकार व्हायचाच तर त्या पोरीकडून यावा, साहेबरावांना चारचौघांत मान वर करून सांगता यावा. एवढंच माझ्या हातात आहे. रोज फोनकडे बघतो. वाजत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी साहेबरावांचा फोन. मला कमी ऐकू येतं म्हणून मोठ्या आवाजावर लावतो, घरभर ऐकू जातं. नि. पेपर वाचत होता.

‘भाऊ, वैशूला विचारलं काय ठरवलंस. तर म्हणते, बघू.’

मी म्हटलं, बघू?

‘एवढंच म्हणाली. वर हसली. तुम्हाला काही अर्थ लागतो का?’

मला लागला नाही. जय भीम करून फोन ठेवला.

नि.ने पेपर खाली केला. ‘बघू म्हणजे? मला बघू म्हणते?’ उठून येरझाऱ्या घालायला लागला. मग माझ्यासमोर येऊन थांबला. डोळ्यांत तेच, जेवताना फोटो मोठा करून बघत होता तेव्हाचं.

‘पप्पा, खरं सांगा. तिचं दुसरीकडे कुठे चाललंय का?’

ही स्वयंपाकघराच्या दारातून मला मानेने खुणावत होती, हो म्हणा, हो म्हणा. मी चष्मा काढला आणि पुसत बसलो. काच स्वच्छ झाली तरी पुसत होतो. ‘पप्पा, मी विचारतोय.’

डायरीचं निमित्त करून आत आलो. तो बाहेर खुर्ची ओढून बसलाय. जेवण वाढलंय, तरी उठत नाही.