मच्छिंद्रच्या मागचा माणूस

आग्रा,
ता. ११ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. ताईस,
मच्छिंद्रचा शि. सा. न. वि. वि.

इथे फोन जमा करून घेतलाय, म्हणून शाळेनंतर पहिल्यांदाच पत्र लिहितोय. अक्षराला हसू नकोस. काल रात्रीची उडी झाली, ती प्रशिक्षणातली शेवटची. आज सकाळी साहेबांनी छातीवर पंखांचा बिल्ला लावला. आता मी पक्का छत्रीवाला. पॅराशूटला इथे सगळे छत्रीच म्हणतात.

पहिल्या उडीला विमानाच्या दारात उभा राहिलो तेव्हा दाराची कड सोडवेना, खोटं कशाला सांगू. हिरवा दिवा लागला, पाठीवर थाप पडली आणि मी बाहेर. छत्री उघडल्यावर मात्र एवढं शांत होतं ताई, की आपल्या खर्ड्याच्या किल्ल्यावर दुपारी एकटं बसल्यासारखं वाटतं.

आता दाजींच्याच पलटणीत चाललोय. रांगेत प्रत्येकानं पुढच्याचे पट्टे तपासायचे आणि सगळं ठीक असलं की त्याच्या खांद्यावर थाप द्यायची, अशी पद्धत आहे. दाजी म्हणतात, तुझ्या मागे मीच उभा राहणार, म्हणजे दारात अडखळलास तर लाथ घालता येईल. गावात म्हणतात मच्छिंद्र गुरू न् गोरक्ष चेला. इथे उलटं आहे, ते कुणाला सांगू नकोस.

आईला सांग, जेवण चांगलं आहे. अप्पांना छत्रीवाल्यांच्या मरून रंगाच्या टोपीतला फोटो पाठवतो.

माया अशीच राहू दे.
तुझा मच्छू

जामखेड,
ता. २ मार्च २०२४

चि. मच्छिंद्र यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षराला हसले नाही, पण पत्र घेऊन खर्ड्याला गेले आणि आईला दोनदा वाचून दाखवलं. दाराची कड सोडवेना ते वाक्य गाळलं. अप्पांनी तुझा फोटो मोठा करून आणलाय. कुणी आलं की आधी पाणी, मग फोटो.

आईनं तुझ्यासाठी पाटोद्याकडची एक मुलगी मनात धरलीय. ती म्हणते, पोरगा आभाळातून उड्या मारतो हे पोरीच्या बापाला कळू द्यायचं नाही. मी म्हटलं, फोटो बघून कळेलच की. तुझ्या दाजींना म्हणावं, आठवड्यात एक तरी फोन धड बोला. जेवलो, झोपलो, ठेवतो, एवढंच बोलतात. माझ्या भावाला नीट सांभाळा, हेही सांग.

दिवाळीला दोघांनी मिळून या. तोवर आमची आठवण राहू दे.
तुझी ताई, सुकन्या

खर्डा,
ता. २२ डिसेंबर २०२४

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमचा आवाज आला की मला रडू फुटतं आणि तुम्ही फोन ठेवून देता. म्हणून लिहिते.

मच्छूला जाऊन महिना होऊन गेला. मी अजून माहेरीच आहे. त्या दिवशी अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं होतं, तरी माणसं फडावरून टेम्पो करून आली, ते तुम्ही पाहिलंतच. अंगावर उसाची कुसळं तशीच होती त्यांच्या. पेटी उघडू देत नव्हते तेव्हा आई तुमच्याकडे बघत होती. तुम्ही नको म्हणून मान हलवलीत, तेव्हा ती मागे सरली.

तुम्ही तेरावं होईपर्यंत इथे होता, पण तुम्हाला विचारायचं तिला धाडस झालं नाही. आता रोज मला विचारते, शेवटी काय बोलला गं तो. मी काय सांगू? खरं असेल ते कळवा.

आणि एक मागणं आहे. पुढच्या महिन्यात तुमची पुन्हा उडी आहे म्हणता. नका मारू. नाही म्हणणाऱ्याला दुसरीकडे पाठवतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. तिथेही पगार मिळतो, तिथेही देशच आहे. या घरातून एक गेला. मला आता विमानाचा आवाज आला तरी कानांवर हात ठेवावे वाटतात. अप्पा तर वावरात असले की विमान दिसेनासं होईपर्यंत वर बघत उभे राहतात.

एवढं माझं ऐका.
तुमची सुकन्या

ता. ५ जानेवारी २०२५

प्रिय सौ. सुकन्यास अनेक आशीर्वाद.

तो काही बोलला नाही. मला आईंना बरं वाटेल असं काहीतरी रचता आलं असतं. दोन दिवस तेच करत बसलो होतो. जमलं नाही.

छत्री नीट उघडली होती. जमीन जवळ आली आणि वारं फिरलं. त्याला ते मैदानाबाहेर कालव्याकडे घेऊन गेलं. काठाच्या दगडावर डोकं आपटलं. मी उतरून पळत गेलो तेव्हा श्वास चालू होता. मी डोकं मांडीवर घेतलं. त्यानं माझी बाही धरली होती. मग ती सुटली. एवढंच झालं. आईंना एवढं सांग की तो एकटा नव्हता.

चौकशीत कुणाची चूक निघाली नाही. त्याचे पट्टे मीच तपासले होते, तेही बरोबर होते. खांद्यावर थापही मीच दिली होती.

तुझं मागणं मला ऐकता येणार नाही. उडीला नाही म्हणणाऱ्याला इथे कुणी टाकून बोलत नाही, पण त्याचं नाव पुन्हा कुणी घेत नाही. मच्छूनं जे आनंदानं केलं, ते मी भिऊन सोडलं तर त्याला काय वाटेल? मी उडी मारणार आहे. रागव, पण बोलणं सोडू नकोस.

तुझा,
गोरक्ष

ता. २८ जानेवारी २०२५

प्रिय सुकन्या,

मी उडी मारली नाही.

तुझ्यामुळे नाही, हे आधी सांगतो, नाहीतर जन्मभर मनाला लावून घेशील. भीतीनंही नाही, निदान मला तसं वाटतं. माझ्या पुढे नवा जवान होता, नाशिककडचा. मच्छूच्या जागेवर. त्याचे पट्टे मी तपासले. सगळं ठीक होतं. आता खांद्यावर थाप द्यायची, एवढंच राहिलं होतं. तो वाट बघत होता. माझा हात उठला नाही.

मी बाजूला सरकलो. माझ्या मागच्यानं पुढे येऊन त्याला थाप दिली आणि सगळे एकामागून एक गेले. दार लागलं. रिकाम्या विमानात मी एकटाच बाकावर बसून परत आलो. आमच्यात याच्याएवढी लाजेची गोष्ट दुसरी नाही.

साहेब चांगले बोलले, चहा दिला. टोपी त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. दुसऱ्या पलटणीचा हुकूम येईल.

सुट्टी मिळतेय, पण खर्ड्याला येणार नाही. मच्छूला घेऊन आलो त्या दिवशी अप्पांनी माझ्या टोपीला हात लावून नमस्कार केला होता. आता कोणतं तोंड घेऊन त्यांच्यासमोर उभा राहू?

गोरक्ष

खर्डा,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दोघांना वाचून दाखवलं. या वेळी काहीही गाळलं नाही.

मला जे हवं होतं ते झालं, पण आनंद झाला नाही. टोपी टेबलावर ठेवताना तुमचं काय झालं असेल, ते मला कळतं. मी मागितलं तेव्हा कळलं नव्हतं.

अप्पा उठून ज्वारीत गेले. दिवस मावळल्यावर आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, गोरक्षला सांग, मी टोपीला नव्हता नमस्कार केला. माझ्या लेकाला घरी घेऊन आलेल्या माणसाला केला हुता.

आई माझ्याजवळ सरकून बसली. मग मला ते विमानाचं पुन्हा वाच म्हणाली. मी वाचलं. तुम्ही एकटे बाकावर बसून परत आलात, तिथे तिनं मला थांबवलं. म्हणाली, बसून आला ना? झोपून न्हाई ना आला? मंग त्याला लाज कसली वाटती. माझ्या दारात एक तरी बसून येनारा हाय. त्याला म्हनावं, ये.

लोभ आहेच. तो घ्यायला घरी या.

तुमची,
सुकन्या