आबा, गाडीत पंच्याण्णवच भरणार

आबा, तुमचं ऐकण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, आता जरा तुम्ही ऐका. मी टर्बोची पेट्रोल गाडी घेतली आहे, माझ्या शाळेच्या पगारातून, आणि तिच्यात मी पंच्याण्णव ऑक्टेनचंच पेट्रोल भरते. तुम्हाला हे अजिबात रुचणार नाही, म्हणून तर सगळ्यात आधी तेच सांगितलं.

भवानीनगरहून आपण स्कूटरवर बारामतीला जायचो, मी मागे. पंपावरच्या माणसाने महागाच्या नळीकडे नुसता हात नेला तरी तुम्ही खेकसायचात, "साधं टाक! ह्यात आमच्याच उसाचं इथेनॉल हाय. घरचं सोडून दुसरं कशाला?" तोरा असा, की टाकीत जणू आपलाच फड उतरतोय. स्कूटरला साधंच लागायचं, तिथे तुमचं चुकलं नव्हतं. पण तोच नियम तुम्ही सगळ्याला लावलात. बारावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही चुलीपुढे जेवत होतात. मला इंजिनांचं शिकायचंय, बारामतीत कॉलेज आहे, असं मी म्हटलं. तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "पोरीनं कशाला ग्रीसमधी हात घालायचं? डी.एड. कर. साधं, सरळ." आई भाकरी थापत राहिली. मी डी.एड. केलं. शाळा मला आवडते, पण ती तुम्ही निवडलीत, मी नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

गेल्या महिन्यात मी आणि माझा धाकटा भाऊ इंदापूरला लग्नाला निघालो. गाडी मी चालवतेय. वाटेत एका पंपावर थांबले, तर हा शेजारून वाकून म्हणतो, "साधं टाक रं." आणि त्या माणसाने माझ्याकडे न बघता टाकलंसुद्धा! मीही पैसे देऊन निघाले. थोडं पुढे उसाच्या दोन ट्रॉल्यांना ओलांडायला पाय दाबला, तर इंजिन खडखडलं आणि ऐनवेळी ओढच गेली. समोरून एसटी. कशीबशी ब्रेक दाबून मागे आले. आणि धाकटा म्हणतो, "हळू चालीव की. आबा तर कायम साधंच टाकायचं."

आबा, टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. दाबलेली हवा तापते, आणि कमी ऑक्टेनचं पेट्रोल तिथे दम न धरता आपलं आपणच पेटतं. मग इंजिन स्वतःला वाचवायला जोर कमी करतं. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, थाटमाटही नव्हे. टाकीच्या झाकणाच्या आत कंपनीने पंच्याण्णव लिहिलंय, एवढी साधी गोष्ट. आणि महागाच्या पेट्रोलमध्येही आपला ऊस असतोच, तेव्हा ती तक्रार तर करूच नका.

परतताना त्याच पंपावर थांबले. धाकट्याने काच खाली केली, तशी मी उतरले आणि टाकीच्या तोंडावर हात ठेवला. "पंच्याण्णवचं."

"मॅडम, पर दादा म्हणत्यात..."

"दादाची गाडी न्हाय ही."

आतून धाकटा ओरडला, "आबा असतं तर असलं चाललं नसतं!"

"आबा न्हाईत. गाडी माझी हाय," मी म्हटलं. एरवी वर्गात शुद्ध बोलणारी मी, पण तेव्हा तुमचीच बोली तोंडात आली, अगदी तुमच्यासारखी खेकसून. धाकट्याने काच वर केली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुढेही हेच भरणार आहे. माझ्या मुलीला इंजिनांचं शिकायचं असेल तर तेही होणार, त्यात कुणाची परवानगी मागणार नाही. फक्त एक गोष्ट. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहून टाकते. त्या दिवशी शेजारच्या सीटवर धाकट्याऐवजी तुम्ही बसला असतात, तर मी गाडीतून खाली उतरले असते की नाही, मला सांगता येत नाही.