एका पांढऱ्या मोटारीसाठी देशभर कर

प्रति,
मा. सुनावणी अधिकारी,
प्रस्तावित राष्ट्रीय मोटार कर – हरकती व सूचना कक्ष,
सातारा व सांगली जिल्हे.

अर्जदार : सम्मेद आण्णासो मगदूम, मु. पो. कुंडल, ता. पलूस, जि. सांगली.

विषय : राष्ट्रीय मोटार करास घेतलेली हरकत मागे घेऊन तोच कर वाढीव दराने व विनाविलंब बसवण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची यापूर्वीची कडक हरकत.
२) अर्जदाराच्या बहिणीची पाठवणी.

महोदया,

संदर्भ क्रमांक दोनचा आपल्या कक्षाशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. तोच सांगण्यासाठी हा अर्ज आहे.

१. कराची चर्चा सुरू झाल्यापासून गावात दोन तट पडले. एक म्हणे, गाडी ही चैन आहे, चैन करणाऱ्याने भरावे. दुसरा म्हणे, आधी खड्डे बुजवा, मग हात पसरा. अर्जदार दुसऱ्या तटाचा मुख्य वक्ता होता. अर्जदाराकडे मोटार नसून सायकल आहे, त्यामुळे त्याचे बोलणे निःस्वार्थी समजले जाई. प्रत्यक्षात हा घसा त्याने चुलतभाऊ भरतेश याच्या पांढऱ्या मोटारीसाठी कोरडा केला. कारण, "ब्राह्मीची पाठवणी माज्याच गाडीतनं. शब्द हाय गड्या," असे भरतेशने चारचौघांत सांगितले होते.

२. लग्नादिवशीच साताऱ्यात करविरोधी मोटार मोर्चा निघाला. त्याआधीच्या सभेत "एकही मोटार घरी राहता कामा नये" असे आवाहन अर्जदारानेच केले होते. त्यातून भरतेशची मोटार वगळली आहे, हे अर्जदाराच्या मनात होते, भाषणात नव्हते. आवाहनास उत्तम प्रतिसाद मिळाला. अक्षता पडल्या तेव्हा गावात एकही मोटार उरली नव्हती. भरतेश मोर्चाच्या अग्रभागी, गाडीच्या छतातून डोके बाहेर काढून झेंडा हलवत होता. फोनवर म्हणाला, "आरं, देशाचा प्रश्न हाय. पाठवणी काय, उद्या बी हुतीया."

३. सबब ब्राह्मी मांडवातल्या जनरेटरच्या टेम्पोतून सासरी गेली. जनरेटर चालूच होता. एकदा बंद केला की तो परत सुरू होत नाही, असे चालक बिराप्पा यांचे म्हणणे पडले. सांगलीजवळ सासरच्या दारात टेम्पो धडधडत थांबला, त्यावरच्या माळा भर दुपारी लुकलुकत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "पोरीसंगं लाइट बी दिलीया व्हय?" तेव्हापासून त्या घरात वीज गेली की धाकटे दीर हाक मारतात, "वैनी, म्हायेराला फोन लावा." ब्राह्मी त्यांच्यासमोर हसते. अर्जदाराशी फोनवर बोलताना हसत नाही.

४. या पार्श्वभूमीवर कर बसवावाच. देशातील सर्व मोटारींवर बसवावा, म्हणजे एकाच मोटारीवर रोख धरला असे कोणी म्हणणार नाही. मात्र पुढील बाबींवर जादा आकारणी व्हावी : मोटार पांढरी असणे; रिव्हर्स टाकताच स्तवन वाजणे; मागच्या काचेवर 'काकूंचा आशीर्वाद' असे लिहिलेले असणे; आणि छतातून डोके बाहेर काढणे. शेवटच्या बाबतीत डोक्याचा कर वेगळा घ्यावा. या चारही बाबी एकाच मोटारीत आढळल्यास तो योगायोग समजावा.

५. इथवर अर्ज लिहून झाला असता अर्जदाराची आई आक्काताई हिच्या मोबाइलवर मेसेज आला, की आपण साताऱ्यात मोर्चाच्या दिवशी चुकीच्या जागी मोटार उभी केल्याने दंड झाला आहे. आई त्या दिवशी मांडवात रडत होती. साताऱ्यास गेलीच नव्हती. चौकशीअंती कळले, की भरतेशची मोटार कागदोपत्री आईची आहे. "आवं काकू, बाईमाणसाच्या नावावर व्याज कमी बसतं, हितं फकस्त सही करा," असे म्हणून त्याने सही घेतली होती, आणि आईने ती साक्षीदाराची समजून केली होती. नवी गाडी दारात आली तेव्हा आईनेच तिला ओवाळले, चाकाखाली लिंबू ठेवले आणि 'दुसऱ्याच्या आनंदात आपला आनंद' म्हणून एक पेढा खाल्ला. मालकिणीच्या वाट्याला एवढेच आले. त्या गाडीत ती आजवर बसलेली नाही.

६. आता हा कर अर्जदाराच्याच घरावर पडणार, हे भरतेशने पेढ्यांचा पुडा आणून समजावले. "हरकत तशीच ऱ्हाऊ दे. नाव काकूचं असलं तरी जीव माजा हाय तिच्यात," असे तो म्हणाला. अर्जदाराने पेढे ठेवून घेतले व कलम चारमधील मागणी दुप्पट केली. अर्जदाराचे कुटुंब हा कर भरणार नाही, हे आगाऊ लेखी कळवण्यात येत आहे. थकबाकीपोटी मोटार जप्त व्हावी.

७. गाडी तुमचीच आहे तर मागून घ्या, असे गावातील शहाणे सांगतात. भरतेश किल्ली देत नाही. पोलिसांत जावे तर आई म्हणते, "न्हाई रं, दिराचं पोरगं हाय. मी कशी चोर म्हणू त्येला?" सरकारने गाडी ओढून नेली तर मात्र भाऊबंदकीत तेढ येत नाही, सरकारशी आमचे नाते नाही. एका मोटारीसाठी देशभर कर बसवणे शासनास जड वाटू शकते. अर्जदाराने इतर सर्व मार्ग पाहिले आहेत.

८. जप्तीच्या वेळी मोटारीच्या पुढच्या सीटवर लुगड्यातील एक बाई बसलेली असेल. ती मालकीण आहे, तिला उतरवू नये. मोटार साताऱ्याकडे नेण्याआधी उलट्या दिशेने सांगलीकडे घ्यावी आणि ब्राह्मीच्या सासरच्या दारात थांबवून हॉर्न दाबावा. सासूबाई बाहेर येईपर्यंत दाबावा. आई काच खाली करून लेकीला हाक मारील, "ये गं, बस." पुढचा मुक्काम त्या दोघी सांगतील. भरतेशला मागे बसू द्यावे काय, हे अर्जदाराने आईला विचारले. ती नको म्हणाली.

कर बसेपर्यंत नम्र,
सम्मेद आण्णासो मगदूम
कुंडल, दि. १२ मे

सोबत : १) दंडाच्या मेसेजची छापील प्रत.
२) पेढे (आपल्या कक्षासाठी, भरतेशने आणलेलेच आहेत).